मूल हरवलं की "आमची हद्द नाही": सीमाभागातल्या तपासाबद्दल बोलूया

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका तालुक्यात मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातला तिसरीतला एक मुलगा २०२२ च्या पावसाळ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी गेला नाही. तो अजून सापडलेला नाही. गावाचं, ठाण्याचं, मुलाचं नाव लिहीत नाही. त्याच्या आईनंच मला हे लिहायला सांगितलंय, पण नाव घालू नका म्हणाली. नाव आणि फोटो मोबाईलवर फिरायला लागल्यापासून त्यांना नको नको ते फोन येतात. "मुलगा आमच्याकडं आहे, आधी गाडीभाडं पाठवा" असा एक आला. त्यांनी उसने काढून पाठवले. पुढं तो नंबर बंद.

मला लिहायचंय ते मुख्यतः पहिल्या रात्रीबद्दल.

बाप गोव्याला गवंडीकामावर. आई काजू फॅक्टरीत जाते. संध्याकाळी घरी आल्यावर मुलगा नाही म्हटल्यावर तिनं वाडा, देऊळ, विहिरी, ओढा सगळं पालथं घातलं. रात्री आठच्या सुमारास ती, तिचा भाऊ आणि पंचायतीचे एक मेंबर ठाण्यात गेले. तिथं उत्तर मिळालं, नातेवाइकांकडं बघा, सकाळपर्यंत येईल, नाही आला तर उद्या या. तेवढ्यात एका वडापवाल्यानं (वडाप म्हणजे प्रवासी भरून नेणारी जीप) सांगितलं की शाळेच्या ड्रेसमधला एक पोरगा चंदगडकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलेला बघितला. हे कळल्यावर ठाण्यातल्या साहेबांना सुटकेचा श्वास आल्यासारखं झालं. म्हणाले, मग ती हद्द महाराष्ट्राची, तिकडं तक्रार द्या.

त्याच रात्री मामा मोटरसायकलवरून पलीकडच्या ठाण्यात गेला. तिथं विचारलं, मुलगा कुठला, शाळा कुठली, आईबाप कुठले. सगळं कर्नाटकातलं. मग नोंद तिकडंच होणार, आम्ही कशी घेऊ? दोन्ही ठाण्यांत मिळून तासाभराचंही अंतर नाही, आणि त्या रात्री कुठल्याच ठाण्यात एक ओळ लिहिली गेली नाही. त्या जीपचा नंबर कुणी विचारला नाही. वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर कॅमेरा आहे, रस्त्यापर्यंतचं दिसतं. पोलीस तिथं गेले ते महिन्यानंतर. पंपाचा मॅनेजर म्हणाला, साहेब, एवढ्या दिवसांचं राहत नाही, वरून नवीन चढतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'बेपत्ता' म्हणून नोंद झाली. गुन्हा दाखल झाला तो आठवड्यानंतर. कागद कन्नडमध्ये. आई मराठी सातवी शिकलेली. वाचून दाखवा म्हणायचं तिला सुचलंच नाही, सही कर म्हटल्यावर केली. पुढं कधीतरी तो कागद मी आमच्या शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सरांकडून वाचून घेतला. शर्टाचा रंग चुकीचा. उंची अंदाजे टाकलेली, खरी उंची आमच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर होती, ती कुणी विचारली नाही. आणि शेवटी एक वाक्य: आई रागावल्यामुळे मुलगा घर सोडून गेला असावा.

हे वाक्य त्या घरातल्या कुणीच बोललेलं नाही. सरांनी ते वाचलं आणि थांबले, मला मराठीत सांगू की नको असं झालं त्यांना. त्या एका वाक्यानं पुढचा सगळा तपास ठरवून टाकला. पोर रुसून गेलंय, येईल. कोणी नेलं असेल हा विचार कागदावर आलाच नाही.

आता ठाण्यातून सांगतायत की फाईल 'सी रिपोर्ट' करून कोर्टात पाठवायची आहे. म्हणजे नेमकं काय? त्यावर आईबापाला काही बोलता येतं का? आणि सीमाभागात असं आणखी कुणाच्या बाबतीत झालंय का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपा करून लिहा.

---

निपाणी_नाका

ताई, वाचून हात थरथरले. आमच्याकडं बाजूच्या गल्लीतल्या मुलीच्या वेळी हेच. ती सापडली, देवाची कृपा, खरं पोलिसांनी नाही शोधली. कोल्हापूर स्टँडवर एका कंडक्टरनं ओळखली. हद्दीचा वाद तेव्हाही झालाच होता. कोगनोळी टोलनाक्यावरून दिवसाला किती गाड्या जातात, त्यातल्या एकीत पोरगी बसली असेल हे कुणालाही कळतं, तरी पलीकडच्या ठाण्याला साधा फोन करायला आमच्या लोकांना दुसरा दिवस उजाडला.

---

कोर्टरस्ता

मॅडम, मी बेळगावात वकिली करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण या गोष्टी ठाण्यात उभं असताना माहीत असायला हव्यात.

सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत स्पष्ट सांगितलं आहे: हरवलेल्या मुलाबद्दलची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणूनच नोंदवायची, आणि उलट काही सिद्ध होत नाही तोवर ते अपहरण किंवा तस्करी आहे असंच धरून तपास सुरू करायचा. "रुसून गेला असेल" हे गृहीत धरायला जागाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात घटनापीठानं दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. म्हणजे २०२२ साली आठवडाभर नुसती 'बेपत्ता' नोंद ठेवणं हे त्या निकालांच्या सरळ विरोधात होतं.

हद्दीचं म्हणाल तर, गुन्हा कुठंही घडलेला असो, ज्या ठाण्यात माणूस गेला त्यानं नोंद करायची आणि मग कागद योग्य ठाण्याकडं पाठवायचे. याला झिरो एफआयआर म्हणतात. केंद्राच्या सूचना २०१३ पासून होत्या, १ जुलै २०२४ पासून तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ते आलं आहे. त्याच कलमात लिहून घेतलेली माहिती तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची हेही आहे. वाचून दाखवण्याचा आणि प्रतीचा हक्क जुन्या कायद्यातही होता. ठाण्यानं नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची, तिथं काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं. बेळगाव शहराला पोलीस आयुक्त वेगळे आहेत आणि ग्रामीण भागाला अधीक्षक वेगळे, तेवढं बघून पत्ता घाला.

भाषेबद्दल. राज्यघटनेचं कलम ३५० वाचा. गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्या हातानं मराठीत तक्रार लिहा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. ठाण्याची नोंद कन्नडमध्ये होईल, हरकत नाही, पण मूळ मराठी अर्ज फाईलला लागलेला असला की "आईनं असं सांगितलं" म्हणून कुणाला वाटेल ते घालता येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'सी रिपोर्ट' म्हणजे गुन्हा घडला खरा, पण छडा लागला नाही. महाराष्ट्रात यालाच 'अ समरी' म्हणतात. कोर्ट तो तसाच स्वीकारत नाही, तक्रारदाराला नोटीस काढून ऐकून घ्यावं लागतं, हे भगवंत सिंग खटल्यात १९८५ मध्येच ठरलं आहे. नोटीस आली की हरकतीचा अर्ज द्यायचा आणि पुढील तपासाची मागणी करायची. पेट्रोल पंप, जीप, चुकीचं वर्णन, वाचून न दाखवलेला जबाब, हे सगळे त्यात मुद्दे म्हणून येतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत आहे की चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडं गेलाच पाहिजे, आणि त्या पथकानं दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अहवाल द्यायचा. एफआयआरची प्रतही प्राधिकरणाकडं पाठवायची असते. पहिला अर्ज माहिती अधिकारात याचाच टाका: फाईल पथकाकडं कधी गेली, किती अहवाल गेले. माझा अनुभव सांगतो, या एका प्रश्नावर बऱ्याच फाईली हलतात, कारण त्या कधी गेलेल्याच नसतात.

---

मलप्रभाकाठ

वकीलसाहेब, हे सगळं मी छापून आईच्या हातात देणार आहे. पथकाबद्दल आम्हाला आजवर कुणी एक शब्दही सांगितला नव्हता.

---

खाकीघर

माझे वडील याच जिल्ह्यात पोलीस होते, निवृत्त झाले. ताईंच्या शाळेतल्या मुलाबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

एका ग्रामीण ठाण्यात माणसं किती असतात बघा. त्यातली समन्सवर, त्यातली कोर्टात, त्यातली जत्रेला. बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की निम्मं ठाणं बंदोबस्ताला. १ नोव्हेंबर, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिवस, आला की पुन्हा बंदोबस्त, आणि तो कशासाठी असतो हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. वडील सांगायचे, मूल हरवल्याच्या तक्रारींतली बहुतेक मुलं दोन दिवसांत घरी येतात, म्हणून शिपायाच्या मनात तेच बसतं. पालक भांडण लपवतात, हेही खोटं नाही.

तरीही त्या रात्री पलीकडच्या ठाण्याला वायरलेसवर निरोप द्यायला मनुष्यबळ लागत नव्हतं. तेवढं झालं नाही हे चूकच.

---

शहापूर_गल्ली

खाकीघर दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, मान आहे. पण "बहुतेक येतात" या वाक्यावरच माझा आक्षेप आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात त्या एका वर्षात देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद आहे, त्यात ६२,९४६ मुली. त्याच वर्षी शोधून काढलेली ८०,५६१, पण ती आधीच्या वर्षांची हरवलेली धरून. बहुतेक येतात हे खरं. पण पहिल्या रात्री ठाण्यात उभ्या असलेल्या आईकडं बघून हिचं पोर कुठल्या बाजूचं, हे नोंद लिहिणाऱ्या रायटरला कसं कळतं? त्याला कळत नाही, म्हणून तर कोर्टानं सांगितलंय की प्रत्येक वेळी वाईटच धरून चला.

निठारीत काय झालं? नोएडाच्या त्या वस्तीतली गरिबांची मुलं एकेक करून नाहीशी होत होती आणि आईबाप ठाण्याच्या चकरा मारत होते. पोलीस म्हणत होते, गेली असतील कुठं. २००६ च्या डिसेंबरमध्ये नाल्यातून सांगाडे निघाले तेव्हा देश हलला. आणि तपास इतका कच्चा झाला की २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. म्हणजे मुलंही गेली आणि कुणी मारली हेही कायद्यानं ठरलं नाही. त्या आयांना आज काय सांगायचं?

---

रंकाळा

कोल्हापूरचा आहे, धाग्यात येऊ का? हा विषय आमच्या घरात लहानपणापासून आहे. गावित प्रकरण आमच्या शहरातलं. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक, कल्याण अशा गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं उचलली जात होती. आई आणि दोन मुली, तिघी मिळून. मुलांना चोरी करताना ढाल म्हणून वापरायच्या आणि मग मारायच्या. १३ मुलांच्या अपहरणाचा आरोप होता.

पण ते उघड कसं झालं? मुलं हरवल्याच्या तक्रारी कुणी एकत्र लावून बघितल्या म्हणून नाही. घरातल्याच सवतीच्या मुलीला नेलं, तिच्या आईनं संशय घेतला, म्हणून १९९६ मध्ये त्या सापडल्या. सहा वर्षं एका शहरातली तक्रार दुसऱ्या शहराला माहीत नव्हती. आणि ही सगळी शहरं एकाच राज्यातली होती! सीमेवर तर दोन राज्यं, दोन भाषा, दोन वेगळी पोलीस खाती. पुढं २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली आणि २०२२ मध्ये दयेच्या अर्जाला लागलेल्या उशिरामुळं उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली.

आमच्या आजीनं आम्हाला महालक्ष्मीच्या देवळात कधी हात सोडून चालू दिलं नाही.

---

ऊसपट्टा_अथणी

मॅडम आणि सगळ्यांना एक सांगतो. तुमच्या पोराची निदान शाळा होती, हजेरी होती, शिक्षिका होती. आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडनं, विजापूरकडनं. चार-पाच महिने पोरं फडातच. एखादं हरवलं तर आईबापाला ठाणं कुठं हाय ते माहीत नसतंय. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणतोय तोड थांबवू नका, बघूया. पोलिसात गेलं की पहिला प्रश्न, पत्ता सांगा. पत्ता काय सांगणार, फडाचा? टोळी आज चिकोडीला, उद्या रायबागला, पुढल्या हप्त्यात शिरोळला.

२०१७ च्या एप्रिलात आमच्या अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षाची पोरगी बोअरवेलमध्ये पडली, तेव्हा सगळं सरकार येऊन उभं राहिलं. खरं ती पडली हे कुणीतरी बघितलं होतं म्हणून. बघितलं नसतं तर ती पण 'बेपत्ता' म्हणून कागदावर राहिली असती. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या रात्री आजूबाजूच्या उघड्या बोअर, विहिरी, कॅनॉल हे पोलिसांनी माणसं घेऊन बघायलाच पाहिजे. आईनं एकटीनं बॅटरी घेऊन कुठं कुठं बघायचं?

---

लोंढा_जंक्शन

रेल्वेत काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

घरातून निघालेलं किंवा कुणी नेलेलं मूल आपल्या भागात गाडीवर चढण्याची शक्यता मोठी. बेळगावहून एक वाट घटप्रभा, कुडची करत मिरजेला. शेडबाळ ओलांडलं की राज्य बदलतं, मिरजेला रेल्वेचा विभागही बदलतो, दक्षिण पश्चिमचा मध्य होतो. दुसरी वाट लोंढ्याहून घाटातून गोव्याला. रेल्वे पोलीस वेगळे, रेल्वे सुरक्षा दल वेगळं, गावचं ठाणं वेगळं. सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' मोहीम आहे, स्टेशनावर एकटी सापडलेली मुलं ते थेट बाल कल्याण समितीकडं देतात. काम चांगलं करतात. पण त्यांच्या हातात त्या रात्री फोटो असला तरच. गावच्या ठाण्यानं फोटो मिरजेला, लोंढ्याला, मडगावला तासाभरात पाठवला पाहिजे. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे.

पालकांनीही थांबू नये. मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ वर फोन लावा, ११२ वर लावा, आणि जवळच्या स्टेशनावर जाऊन फोटो द्या. कुणाच्या परवानगीची गरज नाही.

---

चोर्ला

मी पणजीत असतो, मूळ गाव जांबोटीकडं. परदेशातलं उदाहरण देतोय, पण मुद्दा आपल्याच सीमेचा आहे.

मॅडेलीन मॅक्कॅन ही ब्रिटिश मुलगी ३ मे २००७ च्या रात्री पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ इथून नाहीशी झाली. चौथा वाढदिवस आठवड्यावर आला होता. जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. पैसा, वार्ताहर, पंतप्रधानापर्यंत ओळख, काही कमी नव्हतं. तरी पोर्तुगीज पोलिसांवर जी टीका झाली ती वाचली की आपल्याच ठाण्याची आठवण येते. पहिल्या रात्री त्या खोलीत कोणीही ये-जा करत होतं. रस्त्यावर नाकाबंदी लागली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. स्पेनची सीमा गाडीनं दीड-दोन तासांवर, आणि सीमेवरच्या पोलिसांना मुलीचं वर्णन कित्येक तास मिळालंच नाही. पुढं पोलिसांनी आईबापालाच संशयित केलं. २००८ मध्ये फाईल बंद. २०११ मध्ये लंडनच्या पोलिसांनी कागद पुन्हा उघडले, २०१३ मध्ये पोर्तुगालनंही तपास परत सुरू केला. मुलगी आजवर सापडलेली नाही.

मी हे एवढ्यासाठी सांगतो की पहिल्या रात्रीचं गेलेलं नंतर कितीही माणसं लावून येत नाही, पण बंद फाईल उघडता येते. ती उघडली गेली कारण आईबाप गप्प बसले नाहीत.

---

निपाणी_नाका

फरक एवढाच की त्यांच्या मागं सगळं जग होतं. आपल्या पोरामागं एक शाळेतली बाई आहे. ताई, तुम्हाला नमस्कार.

---

सीमावासी_७०

एक सूचना, आणि ती कडक शब्दात करतो. या धाग्यावरून कुणी फोटो करून "पोरं पळवणारी टोळी आली आहे" असं पुढं पाठवू नये. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवर पाच माणसं मारली गेली. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदरकडं हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर मारला गेला. २०२२ च्या सप्टेंबरात जत तालुक्यातल्या लवंग्यात विजापूरहून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना काठ्यांनी बडवलं. सीमेलगतचंच गाव. पोलिसांवर विश्वास उरला नाही की लोक स्वतः न्याय करायला निघतात, हेही पोलिसांच्या सुस्तीचं फळ आहे असं माझं मत, पण मार खाणारा निरपराधच असतो.

---

कोर्टरस्ता

बरोबर. जोडीला आणखी एक: हरवलेल्या मुलाचा फोटो शोधासाठी देता येतो, पण मूल सापडल्याबरोबर तो सगळीकडून काढला पाहिजे. काही वाईट घडलेलं असलं आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागला तर मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा होतो. आईनं नाव घालू नका म्हटलं ते शहाणपणाचंच केलं.

खाकीघर यांना सांगतो, बंदोबस्ताचा ताण मान्य. पण प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा असं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ मध्ये आहे. नाव बोर्डावर बहुतेक असतं. त्या रात्री त्यांना घरून बोलावलं असतं तरी चाललं असतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणंही नव्या संहितेत बंधनकारक आहे.

आणि मॅडम, बालगृहांचं विसरू नका. पलीकडच्या राज्यात सापडलेलं मूल तिथल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जातं. मुलानं गावाचं नाव अर्धवट सांगितलं, किंवा घाबरून काहीच सांगितलं नाही, तर ते बालगृहात राहतं. आईबाप मिळाले नाहीत तर समिती पुढं ते दत्तकासाठी मोकळं करू शकते, दोन वर्षांवरच्या मुलासाठी त्याची मुदत चार महिन्यांची. म्हणून कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, उत्तर आणि दक्षिण गोवा, धारवाड, कारवार, या सगळ्या समित्यांना आईच्या सहीनं पत्र गेलं पाहिजे. गेलंय का?

---

मलप्रभाकाठ

नाही गेलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मामा कोल्हापूर आणि मिरजेच्या स्टँडवर, स्टेशनावर फोटो चिकटवून आला होता, तेवढंच.

खाकीघर दादा, आईनं काही लपवलं का असा प्रश्न मलाही गावात लोक विचारतात. त्या दिवशी ती काजू फॅक्टरीत होती, तिची हजेरी तिथं लागलेली आहे. पोर सकाळी हसत शाळेत आलं, मधल्या सुट्टीत त्यानं माझ्याकडून खडूचे तुकडे मागून घेतले. रागावली कधी, कोण? ते वाक्य कुणी लिहिलं त्याला मी हे विचारणार आहे, कोर्टात विचारायची वेळ आली तरी.

आमच्या ऑनलाइन यादीत तो आता 'शाळाबाह्य' दाखवतो. कारणाच्या रकान्यात हरवलेला असा पर्यायच मला सापडला नाही. दर वर्षी वरून फोन येतो, मॅडम, एवढा एक विद्यार्थी शाळेत का आणत नाही?

---

शहापूर_गल्ली

मी कन्नड-मराठी दोन्ही लिहिते, इंग्रजीही जमतं. समित्यांना जायची पत्रं मी तिन्ही भाषांत करून देते. ताई, मुलाचं खरं वर्णन, उंची आरोग्य कार्डावरची, अंगावरच्या खुणा, त्या दिवशीचे कपडे, एवढं मला खाजगी निरोपात पाठवा. इथं नको.

---

खाकीघर

वडिलांशी बोललो. ते म्हणाले, वडापच्या जीपा ठरलेल्या असतात, कुठल्या दिवशी कुणाची पाळी हे युनियनच्या वहीत असतं. वही जुनी झाली म्हणून टाकतीलच असं नाही. ज्या वडापवाल्यानं मुलाला बघितलं त्याचा जबाब झालाय का?

---

मलप्रभाकाठ

नाही झाला. त्याला ठाण्यात बोलावलं, बसवलं आणि संध्याकाळी जा म्हणाले. लिहून काही घेतलं नाही. तो अजून त्याच रस्त्यावर गाडी चालवतो.

---

कोर्टरस्ता

हाच तुमच्या हरकतीच्या अर्जातला पहिला मुद्दा. दिसलेला साक्षीदार हाताशी असताना जबाबच नाही, मग छडा लागला नाही असं म्हणता कसं येईल? त्याला आता भेटून काही शिकवू-सांगू नका, फक्त तो बोलायला तयार आहे का एवढं विचारा. वहीचं खाकीघर यांच्या वडिलांनी नेमकं सांगितलं, ती कुणाकडं असते एवढं बघून ठेवा, आपण हात लावायचा नाही, तपास अधिकाऱ्यानं जप्त करावी अशी कोर्टाला विनंती करू.

उच्च न्यायालयाची वाट धारवाड खंडपीठाची आहे, पण आधी खालच्या कोर्टात हरकत. वरती गेलं तरी पहिला प्रश्न तोच येतो की खाली काय केलं. फी वगैरे विचारू नका. आईला, मामाला घेऊन गुरुवारी कोर्ट आवारात या, एफआयआरची प्रत, आरोग्य कार्ड, शाळेच्या हजेरीची झेरॉक्स, पंपावरून काही लेखी मिळालं असेल तर ते, आणि पैसे मागणाऱ्या त्या फोनचा नंबर, ज्या खात्यात पैसे भरले त्याची पावती. तो नंबर पोलिसांना दिला होता का?

---

मलप्रभाकाठ

दिला होता. घेतला नाही, म्हणाले सायबरला जा. पावती आईनं जपून ठेवली आहे. गुरुवारी येतो.

---

रंकाळा

कोल्हापूरच्या समितीकडं पत्र हातोहात मी नेऊन देतो आणि पोच घेतो. सांगलीचं कुणी बघेल का? मिरजेचे कोणी आहेत इथं?

---

लोंढा_जंक्शन

मिरजेला माझी ड्युटी असते. पत्र माझ्याकडं द्या, सांगलीला मी जातो. मडगावचंही बघतो.

---

चोर्ला

उत्तर गोवा माझ्याकडं. बाप गोव्यातच कामाला आहे ना? त्याला घेऊनच जातो, सही तिथंच करता येईल.